उधारीची वही

"मॅडम, पोराच्या नावावर आता कायमचा डाग लागला का?" बाल न्याय मंडळाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आया हमखास हा प्रश्न विचारतात. विचारताना पोराकडे बघायचं टाळतात. सुरेखाताईंनीही (नाव बदललंय) असंच खाली बघत विचारलं. शेजारी त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा नखं कुरतडत बसला होता. भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवरची पैशांची पिशवी उचलून तो पळाला होता. पिशवीत दोन हजार तीनशे रुपये होते.

मी आधी कायद्याचं उत्तर देते. आई घाबरलेली असताना बाकी काही बोलून उपयोग नसतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाला 'गुन्हेगार' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण हेतू चांगला आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा किरकोळ धरतात आणि अशी चोरी त्यातच येते. मुलाला पोलिस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे आणावं लागतं. दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे कुठली अपात्रता चिकटत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. सोळा वर्षांवरच्या मुलांनी केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांची गोष्ट वेगळी, ती इथे लागू नव्हती.

हे ऐकून ताई थोड्या सैलावल्या आणि लगेच म्हणाल्या, "मग आजच नेते त्याला. पडू दे मावशींच्या पाया."

मी नको म्हटलं. त्यांना राग आला. पण आईने बखोट धरून आणलेल्या पोराची माफी म्हणजे भर बाजारात दुसरा तमाशा. समोरची बाई चार लोकांदेखत 'जाऊ दे' म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची सोयच नसते.

मुलाशी चार-पाच बैठका झाल्या. पहिल्या दोन नुसत्या मानेच्या. मग कळलं, शाळा नववीत सुटली होती, गॅरेजवर काम करत होता आणि मालकाने दोन महिन्यांचा पगार अडकवला होता. घरी त्याने हे सांगितलं नव्हतं, उलट पगार झाला असंच सांगितलं होतं. चोरीचं हे समर्थन नव्हे, मी त्यालाही तसंच म्हटलं. पण नातेवाईक 'वळणच वाईट' म्हणत होते, ते मला पटेना. शिकागोत शॉ आणि मॅके या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहिलं होतं की ठरावीक वस्त्यांत राहणारे लोक बदलत गेले, तरी तिथलं बालगुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. वळण वस्तीलाही असतं. आपल्याकडे तर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण शिक्का अजून बऱ्याच जणांच्या तोंडी आहे.

मावशींकडे मी एकटीच गेले. वाटलं होतं, पैशांचं बोलतील. त्या म्हणाल्या, "पैशाचं सोडा. वही कुठाय?"

पिशवीत उधारीची वही होती. मावशींना लिहिता येत नाही. सासरी जाण्यापूर्वी लेकीने तिच्या अक्षरात गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा लिहून ठेवल्या होत्या. पोराने पैसे काढून घेऊन वही नाल्यात फेकली होती. दुसरा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला, "किती दिवस पाळत ठेवून होता माझ्यावर?" चोरी झाल्यापासून त्या दिवेलागणीच्या आतच गाडी आवरत होत्या. संध्याकाळचं गिऱ्हाईक हातचं जात होतं.

१९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना प्रत्येकाकडे जाऊन नुकसान समजून घ्यायला आणि भरून द्यायला लावलं. पुनर्स्थापक न्यायाची, म्हणजे शिक्षेपेक्षा झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या न्यायाची गोष्ट बऱ्याचदा इथून सांगतात. मला त्यातली माफी नाही, नुकसान मोजण्याचं काम मोठं वाटतं. दोन हजार तीनशेचा आकडा आम्हाला कागदावर आयता मिळाला होता. वही कुठल्याच कागदात नव्हती.

मंडळाची परवानगी आणि मावशींची राजीखुशी घेऊन भेट ठरली, माझ्या खोलीत, दार लावून. मुलगा बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "पाळत नव्हती, मावशी. तुम्ही पाठमोऱ्या होतात, म्हणून उचलली." मावशींनी खोल श्वास घेतला. माझ्या मते भेटीचं खरं काम तिथेच झालं. 'चुकलं माझं' तो नंतर म्हणाला, तेही पुटपुटत.

पैसे ताईंनी हप्त्याने फेडले. वहीसाठी तो सहा रविवार माझ्या खोलीत बसला. मावशी आठवून सांगत, तो लिही. पहिल्याच पानावर मावशी करवादल्या, "अक्षर आहे का कोंबडीचे पाय? वाचणार कोण?" पान फाडून त्याने पुन्हा लिहिलं. बरीच नावं जुळली, काही रकमा आठवल्याच नाहीत. त्या जागा कोऱ्या ठेवल्या.

परवा बाजारात मावशी भेटल्या. दिवेलागण झाली होती आणि गाडी उभी होती. मी मुलाचा विषय काढला. "येतो कधीमधी, क्रेट उचलू लागतो," त्या म्हणाल्या. पैशांची पिशवी आता त्यांच्या गळ्यात होती, पदराखाली.