आधी सुई, मग स्टिरॉइड

दोन वर्षांचा कुत्रा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना आणि मागच्या गुडघ्यांमागे गाठी, पण खाणंपिणं, खेळणं व्यवस्थित. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, 'कॅन्सरही असू शकतो' म्हणाले, दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि 'गाठी उतरल्या नाहीत तर तपासणी करू' असं सांगितलं. तुम्ही पोस्टमध्ये लिहिलेलं हे जवळपास सगळं, गाठींच्या जागांसकट, आमच्या कुत्रीचं, चंपीचं आहे. म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. जे सोसलं आणि त्यापायी जे वाचलं, विचारलं, त्यातूनच हे लिहिलंय. तुमच्या कुत्र्याला ज्यांनी हाताने तपासलंय त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा मोठं.

गोळ्यांचं नाव तुम्ही दिलेलं नाही. ते आधी पाहा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. पहिली गोळी अजून पोटात गेली नसेल तर देण्याआधी डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा: 'आधी गाठीतून सुईने नमुना घेऊन मग गोळी सुरू केली तर चालेल का?' बहुतेक वेळा चालतं. गाठींमुळे श्वास अडकत असेल, कुत्रं अगदीच खालावलं असेल, तर मात्र थांबायला वेळ नसतो आणि तिथे डॉक्टर म्हणतील ते करायचं. पण तुमचा कुत्रा पळतोय, जेवतोय. त्याच्यासाठी एक-दोन दिवसांनी काही बिघडेल असं तुमच्या लिहिण्यावरून तरी वाटत नाही.

आणि गोळ्या सुरू झाल्या असतील तर माझं वाचून एकदम बंद करू नका. स्टिरॉइड बरेच दिवस चालू असेल तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर कुत्रं कोसळू शकतं. कमी कसं करायचं, करायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. स्टिरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध सोबत देऊ नका, पोटात जखमा होतात. माणसांच्या घरात असलेली आयबुप्रोफेन तर कधीच नाही.

आता यावर एवढा जोर का देतेय ते सांगते.

अशा गाठींमध्ये ज्या कॅन्सरची सगळ्यांत जास्त धास्ती असते तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. त्याच्या पेशी स्टिरॉइडने पटापट मरतात. गाठी दोन-तीन दिवसांत निम्म्या होतात, कुत्र्याची भूक वाढते, पाणी भरपूर पितं, घरात सगळ्यांना वाटतं की औषध लागू पडलं. प्रत्यक्षात रोग गेलेला नसतो. त्या काळात सुई घातली तर नमुन्यात पाहण्यासारख्या पेशीच पुरेशा येत नाहीत, आणि निदान हुकतं. त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइडला पुरून उरलेल्या पेशी नंतरच्या केमोलाही सहजासहजी दाद देत नाहीत. म्हणजे निदानही अवघड आणि उपचारही.

चंपीला पहिल्याच भेटीत 'सूज उतरायचं' इंजेक्शन दिलं गेलं. कशाचं, हे सांगितलं नाही. कागदावर फक्त 'इंजेक्शन दिले' एवढे दोन शब्द आणि तारीख. गाठी उतरल्या, आम्ही सुटल्यासारखे झालो, आणि काही आठवड्यांनी त्या परत आल्या त्या आधीपेक्षा मोठ्या होऊन. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लगेच सुई घातली. रिपोर्ट आला: पेशी अपुऱ्या, निष्कर्ष काढता येत नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच की आधी कुठलं इंजेक्शन दिलं होतं. काही स्टिरॉइडचा अंमल एक-दोन दिवसांत ओसरतो, तर काही डेपो प्रकारची इंजेक्शनं शरीरात कित्येक आठवडे झिरपत राहतात. कुठलं होतं ते कळल्याशिवाय पुन्हा नमुना कधी घ्यायचा हे ते तरी कसं ठरवणार?

मग त्या पहिल्या दवाखान्याशी जे सुरू झालं ते आठवलं की अजूनही हात थरथरतात. फोन केला तर 'डॉक्टर केस बघतायत, नंतर करा'. नंतर केला तर 'अशी माहिती फोनवर देत नाही, समक्ष या'. समक्ष गेलो तर 'फाइल सापडत नाही'. फाइल सापडली तर त्यात तेच दोन शब्द. 'मग वापरलेल्या औषधांची नोंद बघा ना' म्हटलं, तर 'त्याने आता काय फरक पडणार आहे?' असं काउंटरवरून ऐकवलं गेलं. मी भांडायला गेले नव्हते. कुणावर ठपका ठेवायचा नव्हता. मला एका औषधाचं नाव हवं होतं. आपल्याच कुत्र्याच्या अंगात काय टोचलं हे विचारायला गेलेल्या माणसाला तक्रार करणाऱ्यासारखं वागवलं गेलं, आणि इकडे तिच्या गळ्याखालच्या गाठी वाढत होत्या.

शेवटी नाव कळलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी अंदाजाने थांबून, भूल देऊन गुडघ्यामागची अख्खी ग्रंथी काढली आणि तपासायला पाठवली, तेव्हा लिम्फोमा निघाला, टी पेशींचा (टी आणि बी हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार). केमोने सुरुवातीला साथ दिली, पण ती फार टिकली नाही. वेळेवर कळलं असतं तर चंपी आज असती, असं मी म्हणत नाही. टी पेशींचा प्रकार मुळातच चिवट असतो. पण तिच्या उपचारांच्या वाट्याचा वेळ एका शब्दासाठी गेला, आणि तो शब्द कुणाच्या तरी कपाटात होता.

म्हणून माझं मत ठाम आहे, कुणाला उद्धट वाटलं तरी चालेल: कुठल्याही दवाखान्यात, कुठलंही इंजेक्शन, त्याचं नाव, मात्रा आणि तारीख कागदावर लिहून घेतल्याशिवाय टेबलावरून कुत्रं उतरवू नका. टोचल्यावर रिकाम्या बाटलीचा फोटो काढू द्या म्हणा. चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. राग आला तर तीही माहितीच आहे.

सुईच्या तपासणीला घाबरू नका. रक्त काढतात तशीच बारीक सुई असते, बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती बऱ्याच जणांना असते; लसिका ग्रंथींच्या बाबतीत तिच्यापायी तपासणी टाळणं मला तरी चूक वाटतं. दोन गोष्टी मात्र आग्रहाने सांगा. एक, नमुना फक्त जबड्याखालून घेऊ नका. तिथल्या ग्रंथी दात-हिरड्यांच्या साध्या जंतुसंसर्गानेही सुजलेल्या असतात आणि रिपोर्ट गोंधळात टाकतो. गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची ग्रंथी मोठी असेल तर तिथूनही घ्यायला सांगा. दोन, नमुन्याच्या काचपट्ट्या आणि फॉर्मालिनची (कापलेला तुकडा टिकवायच्या द्रावणाची) बाटली एकाच डब्यात पाठवू नका. फॉर्मालिनच्या वाफेनेसुद्धा पट्टीवरच्या पेशी नीट रंगत नाहीत आणि चांगला नमुना वाया जातो. हे दवाखान्याला माहीत असतं, पण पाठवणारा मदतनीस नवा असू शकतो.

रिपोर्ट वाचताना एक फरक नीट धरून ठेवा. 'निष्कर्ष काढता येत नाही' म्हणजे 'कॅन्सर नाही' असं अजिबात नाही. त्याचा अर्थ तपासणी झालीच नाही असाच घ्यायचा आणि नमुना पुन्हा द्यायचा. 'शक्यता वाटते' आणि 'सुसंगत आहे' या शब्दांतही फरक असतो, दुसऱ्यात खात्री जास्त. डॉक्टरांना विचारा की रिपोर्ट लिहिणाऱ्याला अजून काय पाठवलं तर तो ठामपणे सांगू शकेल. लिम्फोमा ठरलाच तर बी पेशींचा की टी पेशींचा, हे विचारायचंच. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

आता जे तुम्हाला आत्ता सगळ्यांत जास्त ऐकायचं असेल ते. तरुण कुत्र्याच्या सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. गोचिडांतून होणारा अर्लिकियाचा ताप लसिका ग्रंथी आणि प्लीहा सुजवतो, प्लेटलेट खाली आणतो आणि लिम्फोमाची हुबेहूब नक्कल करतो. त्याला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं, साधारण चार आठवडे. गोचीड दिसलं नाही म्हणून तो नाही असं समजू नका. चावून गळून गेलेलं असू शकतं. पण उलट बाजूही लक्षात ठेवा: अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कुत्र्याचा त्या जंतूशी कधीतरी संबंध आला एवढंच ठरतं. गाठी त्याच्यामुळेच आहेत हे ठरत नाही. 'गोचीडताप निघाला, आता सुई नको' असं कुणी म्हणालं तरी सुई करून घ्या. दोन्ही एकदम असलेली कुत्री असतात. रक्तात कॅल्शियमही बघायला सांगा. काही लिम्फोमांमध्ये ते वाढतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं. कुत्रं अचानक फार पाणी प्यायला लागलं असेल तर हे आवर्जून सांगा.

या पोस्टखाली आणखी दोघांनी आपापल्या कुत्र्यांबद्दल विचारलंय म्हणून थोडक्यात. कानावर किंवा पायावर बटणासारखी लाल, केस गेलेली एकच गाठ, कुत्रं तीन वर्षांच्या आतलं: बऱ्याचदा हिस्टिओसायटोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, असतो आणि तो दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. पण मास्ट सेल ट्यूमर हा कातडीचा कॅन्सर कुठल्याही गाठीचं सोंग घेऊ शकतो, त्यामुळे नुसतं बघून कुणी 'काही नाही' म्हटलं तर समाधान मानू नका. गाठ वाटाण्याएवढी झाली किंवा महिनाभर राहिली की सुई. दाबून, चोळून बघू नका. मास्ट सेलची असेल तर हिस्टामिन सुटून ती भस्सकन सुजते. लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त आणि फुलकोबीसारखी वाढ असेल तर संसर्गाने पसरणारा टीव्हीटी नावाचा ट्यूमर असण्याची शक्यता असते, आणि तो व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्र्यांमध्ये पूर्ण बरा होतो. मोठ्या जातीचं तरुण कुत्रं लंगडत असेल आणि हाडावर सूज असेल तर मात्र एक्स-रे लांबवू नका, हाडाचा कॅन्सर दीड-दोन वर्षांच्या कुत्र्यांतही होतो. आणि कुठलीही गाठ कापून काढली तर ती अख्खी तपासायला गेली पाहिजे. 'साधी दिसत होती, टाकून दिली' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

रिपोर्टची वाट बघणं. यावर माझ्याकडे उपाय नाही, थोडं काही सांगता येईल. दर तासाला गाठी चाचपू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, वजन लिहा, बाकी दिवस हात फिरवायचा तो फक्त लाडाने. रात्री आकडे शोधत बसू नका. 'लिम्फोमात उपचार न केल्यास चार ते सहा आठवडे' हे तुम्ही वाचलं असणारच, कारण मीही तेच वाचलं होतं. ते उपचाराशिवायचं आहे. बी पेशींच्या लिम्फोमात बऱ्याच औषधांची एकत्र केमो घेणाऱ्या कुत्र्यांच्या जगण्याचा मध्यांक वर्षाच्या आसपास येतो, म्हणजे निम्मी कुत्री त्याहूनही जास्त जगतात. पूर्ण बरं होणं क्वचित, हेही खरं. आणि कुत्र्यांची केमो माणसांसारखी कठोर नसते; हेतूच चांगले दिवस मिळवण्याचा असतो. बहुतेकांचे केस जात नाहीत, उलटी-जुलाब झाले तरी बऱ्याचदा एक-दोन दिवसांत आवरतात. केमो नको, फक्त आराम द्यायचा असं ठरवलंत तरी तुम्ही त्याला सोडून दिलं असं होत नाही. पण ते ठरवायचं निदान हातात आल्यावर, भीतीपोटी आधीच नाही.

'कुत्रंच तर आहे, दुसरं आणा' म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात ताकद घालवू नका. घरातलं कुणीतरी एक माणूस ठरवा जे दवाखान्यात तुमच्याबरोबर येईल आणि लिहून घेईल, कारण 'कॅन्सर' शब्द कानावर पडल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही. मला आलं नव्हतं.

एक शेवटचं. तुमचा कुत्रा कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा त्यांच्या मिश्रणाचा असेल तर केमोचा विषय निघताच ते सांगा. या जातींमध्ये एमडीआर१ जनुकातला दोष बराच आढळतो आणि व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं त्यांना नेहमीच्या मात्रेत फार जड जातात. जनुकाची चाचणी होते. तिचा निकाल येईपर्यंत कुठलं औषध किती द्यायचं हे डॉक्टर ठरवू शकतात. गोळ्यांचं नाव कळलं की इथे लिहा, आणि नमुना कुठल्या ग्रंथीतून घेतला तेही.