विचारा मोकळेपणाने: ग्रुपने कॅटामरान घेऊन बेटांवर जायचंय

यावेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. आठ-दहा जणांनी मिळून शिडाची कॅटामरान (दोन तळांची रुंद बोट) आठवडाभर भाड्याने घ्यायची, तिच्यावरच राहायचं, झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि बेटं फिरायची. मला हा विषय फार जवळचा आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न: आम्ही पाचपाखाडीतल्या एकाच सोसायटीतली चार जोडपी आणि पाच मुलं. मे महिन्याच्या सुट्टीत जायचंय. कोणी सेशेल्स म्हणतंय कोणी फुकेत, आणि माझा मेव्हणा अमेरिकेत असतो तो म्हणतो ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला या. नक्की कुठे जावं?

ताई, आधी बेट ठरवून मग महिना बघायचा असं करू नका, उलटं करा. नारळी पौर्णिमेआधी आपले कोळी होड्या बाहेर काढत नाहीत ना, तसाच प्रत्येक समुद्राचा आपापला हंगाम असतो आणि स्वस्तातलं पॅकेज दिसलं की नेमकं तेच बघायचं राहतं.

फुकेतचा चांगला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात तिकडे नैर्ऋत्य मान्सून सुरू होतो, सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. आणि फोटोत दिसणारी ती माया बे नावाची खाडी, ती २०१८ मध्ये बंद केली होती, २०२२ मध्ये उघडली पण आता बोट आत न्यायची परवानगी नाही, तेव्हा तिथे नांगर टाकून राहू असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स शिडाच्या बोटींसाठी खरंच स्वर्ग आहे, पण खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हरिकेनची भीती (२०१७ मध्ये इर्मा वादळाने तिथल्या चार्टर बोटींची रास लावली होती) आणि मुंबईहून जायचं तर दोनेक दिवस विमानं बदलण्यातच जातात, मुलांना घेऊन मी तरी सुचवणार नाही.

राहिलं सेशेल्स. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दक्षिणेला चार-पाच अंशांवर, त्यामुळे मुख्य बेटं चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर. मुंबईहून थेट विमान मिळालं तर साधारण साडेचार तास, भारतीयांना व्हिसा लागत नाही, फक्त निघण्याआधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथोरायझेशन घ्यावं लागतं. मेपासून आग्नेयेचा वारा धरायला लागतो आणि जून ते सप्टेंबर चांगला जोर असतो, तेव्हा तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. गंमत म्हणजे माहे या मुख्य बेटापासून प्रालँ बेट ईशान्येला आहे, म्हणजे आग्नेयेचा वारा जाताना उजवीकडून आणि येताना डावीकडून लागतो, दोन्ही वेळा बाजूनेच, आणि शिडाच्या बोटीला बाजूचा वारा सगळ्यात मानवतो. दिवाळीची सुट्टी चालणार असेल तर ती आणखी चांगली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारे बदलत असतात, समुद्र शांत, पाणी नितळ. मग काही तास इंजिनावर जावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

आता खरी अडचण. तुम्ही तेरा जण आहात. पंचेचाळीस फुटी कॅटामरानवर सहसा चार डबल केबिन असतात आणि बोटीच्या कागदांवर जास्तीत जास्त किती माणसं ते लिहिलेलं असतं, त्यात मूलसुद्धा पूर्ण माणूस धरतात. आपण गाडीत मुलांना मांडीवर घेऊन ॲडजस्ट करतो, इथे ते चालत नाही, कारण लाइफजॅकेट आणि लाइफराफ्टच्या (संकटात उतरायच्या तराफ्याच्या) जागा त्याच आकड्याप्रमाणे असतात. तर दोन लहान बोटी घ्या नाहीतर दोन कुटुंबांनी यावर्षी आणि उरलेल्या दोन कुटुंबांनी पुढच्या वर्षी जा. तेरा जणांना एकीत बसवून देतो म्हणणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हणा.

प्रश्न: आमच्या नेरुळच्या ग्रुपमधल्या एकाने सुट्टीच्या दिवशी सेलिंगचा कोर्स केलाय. तो म्हणतो स्किपरचे पैसे वाचवू, बोट मी चालवतो. चालेल का?

नाही. आणि हे मी त्याचा उत्साह मोडायला सांगत नाहीये, त्याने शिकायला घेतलं हे फारच छान केलं.

स्किपर न घेता बोट घेणं म्हणजे बेअरबोट चार्टर. त्यासाठी कंपन्या आरवायए डे स्किपर, आयसीसी किंवा एएसए १०४ अशासारखं बोट चालवता येत असल्याचं सर्टिफिकेट मागतात, शिवाय आतापर्यंत कुठे, किती मोठ्या बोटीवर, काय म्हणून सेलिंग केलं ते लिहून मागतात. डिंगीवरचा, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवरचा कोर्स यात धरत नाहीत. पण कागद सोडा, मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. एका तळाची बोट वारा वाढला की कलते, सगळ्यांना कळतं की आता शीड जास्त झालंय. कॅटामरान दोन तळांवर रुंद बसलेली असते, ती कलत नाही, टेबलावरचा चहासुद्धा सांडत नाही आणि तेवढ्यात वारा दुपटीने वाढलेला असतो. वारा दहा नॉट्सचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वीस झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून कॅटामरानवर अंगाला काय जाणवतंय त्यावर नाही तर वाऱ्याचा आकडा बघून शीड लहान करतात, त्याला रीफ करणं म्हणतात. बऱ्याच चार्टर बोटींवर वीस नॉट्सच्या आसपास पहिला रीफ घ्यायचा असतो आणि तो आकडा बोटीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नवीन माणसाला वाटतं बोट किती स्थिर चाललीये, कशाला शीड उतरवायचं, आणि तिथेच डोलकाठीवर नको तेवढा ताण येतो.

त्यात नांगर. रात्री आठ माणसं झोपलीयेत आणि बोट नांगरावर सरकतीये का नाही हे ज्याला कळतं असा एक माणूस बोटीवर असायलाच हवा. साखळी किती सोडायची (पाण्याच्या खोलीच्या निदान चार-पाच पट), खाली वाळू आहे का पोवळी, वारा फिरला तर बोट कुठे वळेल, हे सगळं कोर्सच्या वहीतून येत नाही. पोवळ्यांवर नांगर टाकला तर कित्येक वर्षांत वाढलेलं पोवळं एका झटक्यात तुटतं, म्हणून जिथे मूरिंगचे बोये (बोट बांधायला तळाशी पक्के केलेले तरंगते गोळे) आहेत तिथे बोयालाच बांधायचं.

स्किपर घ्या आणि मित्राला सांगा आठवडाभर त्याच्या शेजारी उभा राहा, सुकाणू हातात घे, रीफ स्वतः कर. सगळे दिवस नीट लिहून ठेव. पुढच्या वेळी तेच त्याच्या कामाला येईल. अजून एक, बुकिंगच्या आधी विचारा स्किपर झोपणार कुठे. बऱ्याच बोटींवर अगदी पुढच्या टोकाला वरून झाकण उघडून उतरायची चिमुकली केबिन असते, ती नसेल तर तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो आणि मग तुमचीही पंचाईत, त्याचीही. जेवणही त्याचं तुमच्यातच धरायचं.

प्रश्न: मला पोहता येत नाही आणि सासूबाईंना गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा बोट लागते. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना यायची खूप इच्छा आहे. न्यावं का? (वाशी)

न्या, नक्की न्या, त्यांची इच्छा आहे हीच सगळ्यात मोठी गोष्ट. बोट लागते ती डोळे आणि कान वेगवेगळं सांगायला लागले की, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतंय आणि डोळे केबिनची भिंत बघून म्हणतात स्थिर आहे. म्हणून बोट चालू असताना त्यांना खाली केबिनमध्ये झोपवू नका, बाहेर मागच्या उघड्या बसायच्या जागेत, म्हणजे कॉकपिटमध्ये बसवा, क्षितिजाकडे बघू दे, मोबाईल नको. उपाशी पोटी तर अजिबात नको, खारी, टोस्ट, आलेपाक असं थोडं थोडं देत राहा. केबिन मागची मागून घ्या, पुढच्या टोकाला उसळी जास्त असते. ॲव्होमिनसारखी गोळी आधीच घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नसतो, आणि तिने झोप येते. त्यांना काचबिंदू किंवा बीपी वगैरे असेल आणि त्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पहिला दिवस छोटा ठेवायला सांगा, माहेच्या समोरच सेंट ॲन मरीन पार्कची बेटं आहेत, पहिली रात्र तिथेच काढा. बहुतेकांचं शरीर दोनेक दिवसांत सरावतं.

कॅटामरान कलत नाही हे खरं पण समोरून लाटा आल्या की दोन तळांच्या मधल्या भागावर खालून पाणी धडाधड आपटतं, आवाज एवढा येतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी फुटलं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

तुमचं पोहणं. लाइफजॅकेट बोटीवर असतात, पहिल्याच दिवशी स्वतःच्या मापाचं घालून, पट्टे ओढून बघा. मुलं असतील तर मुलांची मापं बुकिंग करतानाच कळवा. पाण्यात उतरायचं ते फक्त बोट नांगरावर असताना, मागच्या पायऱ्यांवरून, आणि मागे तरंगती दोरी सोडलेली असताना, म्हणजे प्रवाह असला तरी धरायला काहीतरी राहतं. आणि अजून दोन-तीन महिने असतील तर पालिकेच्या तरणतलावावर जाऊन निदान पाठीवर तरंगायला शिका हो. आत्ता भीती वाटत असेल, पण तिथल्या कोमट निळ्या पाण्यात तोंड घालून खालचे मासे बघताना जे वाटतं ते तुमचं राहून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, ऐरोलीतून दहा जण. तिकडे खायचे हाल होतील का? पाणी पुरतं का?

हाल होत नाहीत पण प्लॅनिंग लागतं. बोटीवर गॅस, ओव्हन, फ्रीज सगळं असतं, कुकर मात्र सहसा नसतो, तो घरून न्या. सेशेल्समध्ये ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस न्यायला बंधनं आहेत, ते नेऊच नका. सीलबंद मेतकूट, भाजणी, पोहे, मसाले न्या आणि विमानतळावर विचारलं तर लपवू नका. तांदूळ, डाळ, भाजी माहेला मिळते, पुढच्या छोट्या बेटांवर निवड कमी आणि भाव जास्त, म्हणून निघतानाच भरून घ्या. तळण आणि मोठा स्वयंपाक बोट नांगरावर असतानाच, चालू बोटीत उकळतं तेल नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साठून राहतो, म्हणून काम झालं की मेन बंद, प्रत्येक वेळी.

पाण्याचं गणित असं की टाकी सातशे लिटरची धरली तर दहा जणांत सात दिवसांना माणशी रोज दहा लिटर येतात. आपली आंघोळीची बादलीच त्याहून मोठी असते. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असलेली बोट मिळाली तर उत्तम, नाहीतर भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासून मग गोड्या पाण्याने विसळायची आणि अंगावर शेवटी दोन मिनिटं शॉवर. बोटीच्या टॉयलेटची नळी बारीक असते, त्यात खाल्लेल्या अन्नाशिवाय काही जाता कामा नये, कागदसुद्धा स्किपरला विचारूनच. आपल्याकडचा जेट तिथे नसतो पण बेसिनचा नळ बऱ्याचदा ओढून बाहेर येतो, त्याने काम होतं, आणि एक छोटा मग न्यावा.

प्रश्न: मागच्या वर्षी आमच्या घोडबंदरच्या मित्रांच्या ग्रुपची अशीच ट्रिप झाली आणि पैशांवरून दोन कुटुंबं अजून बोलत नाहीत. आम्ही आता जातोय, काय काळजी घ्यावी?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वारा आणि लाटा स्किपर सांभाळतो, हे कोणी सांभाळत नाही.

बोटीचं भाडं हा खर्चाचा एक भाग झाला. त्यावर स्किपरचे रोजचे पैसे, डिझेल, किराणा, पार्कची फी, मूरिंग, शेवटी स्किपरला टिप, आणि डिपॉझिट. हे डिपॉझिट सहसा एकाच माणसाच्या क्रेडिट कार्डवर युरोमध्ये ब्लॉक होतं, आणि कोणाच्या तरी हातून किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या मोटारहोडीचा (हिलाही डिंगीच म्हणतात) पंखा खडकाला लागला की त्याच माणसाचे पैसे अडकतात. तेव्हा निघायच्या आधीच लिहून ठरवा, नुकसान झालं तर ते सगळ्यांत सारखं वाटायचं, कोणाच्या हातून झालं ते बघायचंच नाही. नाहीतर पूर्ण ग्रुपने मिळून डॅमेज वेव्हर, म्हणजे आधीच थोडे पैसे भरून नुकसानभरपाईचा बोजा कमी करायची सोय, घ्या. मधेच कोणी गळालं तर त्याचे पैसे परत मिळणार नाहीत, बदली माणूस त्यानेच द्यायचा, हेही लिहा. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी ओके म्हटलं तरी पुरे. किराणा आणि फी यांची कॉन्ट्री आधीच एका माणसाकडे जमा करा. विम्यात सेलिंग कव्हर आहे का ते पॉलिसी वाचून बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. केबिन चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि ओनर्स व्हर्जन बोट असेल तर सावध, तिच्यात एक पूर्ण बाजू एकाच जोडप्याला मिळते आणि बाकीच्यांना निम्मी जागा, भाडं मग सारखं कसं घेणार.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या समोर बोलून घ्या. आज कुठे जायचं हे ग्रुप सुचवेल, ठरवेल स्किपर. कोळीवाड्यात तांडेलाच्या शब्दावर कोणी वाद घालत नाही, कारण होडीतल्या सगळ्यांचा जीव त्याच्यावर असतो. सेशेल्समध्ये चार्टर बोटींना रात्री चालायला मनाई आहे, सूर्यास्ताआधी नांगर पडलाच पाहिजे, आणि तिथे वर्षभर सव्वासहा-साडेसहालाच अंधार होतो. म्हणजे कुरियूज बेटावर मोठी कासवं बघत सगळे रमले आणि स्किपर म्हणाला चला, तर निघायचंच. आम्ही एवढे पैसे भरलेत असं त्याला कोणी ऐकवायचं नाही. जो मित्र हे आधी मान्य करत नाही त्याला बोटीवर घेऊ नका, त्याच्यासोबत हॉटेलची ट्रिप करा, मैत्री टिकेल.

प्रश्न: मी कळव्याची, कॉलेजला आहे. बेटांवर जायचे पैसे नाहीत पण शीड चालवायला शिकायचंय. मुलींना जमतं का?

नौदलाच्या सहा मुली २०१७-१८ मध्ये गोव्यात बांधलेल्या तारिणी या शिडाच्या बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये त्याच बोटीवर फक्त दोघींनी, दिलना के. आणि रूपा ए. यांनी, परत ती केली. त्याआधी दिलीप दोंदे या आपल्या मराठी माणसाने २००९-१० मध्ये म्हादेई या बोटीवरून एकट्याने, मधे थांबे घेत प्रदक्षिणा केली होती. तेव्हा जमतं.

कळव्याहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून गेटवेच्या भागात जा, तिथे सेलिंग क्लब आणि शिकवणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत समुद्र ऑक्टोबरपासून मेपर्यंत खुला असतो, म्हणून सप्टेंबरमध्येच चौकशी कर. मेंबरशिप महाग वाटली तर मेंबर न होता करता येणारा बिगिनर कोर्स आहे का, विद्यार्थ्यांना सवलत आहे का, आणि रविवारच्या शर्यतीत क्रू कमी पडला तर नवख्यांना घेतात का, हे तिन्ही विचार. शर्यतीत क्रू म्हणून गेलीस तर बोटीचे पैसे तुला भरावे लागत नाहीत आणि शिकायला मिळतं ते वेगळंच. कॉलेजमध्ये एनसीसीचं नेव्हल युनिट असेल तर तेही बघ, तिथे शिडाच्या होडीवर हात बसतो. पहिल्या दिवशी जुने बूट, टोपी, आणि भिजले तरी चालतील असे कपडे.