ऊलाँगचे दोन कप शेजारी ठेवून प्या
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी कोथरूडला एकमेकांच्या घरी जमतो, आधी कॉफीचं वेड होतं आता ऊलाँग चहाचं लागलंय. गेल्या वेळी एकाने तैवानचा आलीशान नावाचा आणला, एकाने तिएग्वानयिन आणि एकीने दा होंग पाओ. सगळ्यांनी दहापैकी मार्क दिले आणि वादच झाला, दा होंग पाओला एकाने ९ दिले तर दुसरी म्हणते जळकं लागतंय, ३ पण जास्त झाले. नीट तुलना करायची तर कशी करायची? (पुणे)

उत्तर : वाद होणारच होता हो, कारण तुम्ही ज्या तिघांना एका रांगेत बसवलंत त्यांच्यात साम्य एवढंच की पानाचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवा लागून पान तांबूस-काळं होत जाणं, मधेच कुठेतरी थांबवलेलं आहे, ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधे. ते मधे म्हणजे खूप मोठं अंतर आहे. आलीशान जवळपास हिरवाच, गोळीसारखं वळलेलं पान, फुलांचा वास. दा होंग पाओ चीनच्या फुजियानमधल्या वूयीच्या खडकाळ डोंगरातला, लांब पिळलेलं काळपट पान, कोळशाच्या मंद धगीवर तासन् तास भाजलेलं. ख्याल आणि लावणी ऐकवून दोन्हीला दहापैकी मार्क द्या म्हटलं तर मार्क देणाऱ्याची आवड कळते, गाण्याबद्दल काहीच कळत नाही, तसं झालंय हे. आणि तिएग्वानयिन म्हटलं तर फुजियानमधल्याच आनशीचा हिरवट ताज्या वासाचा की जुन्या पद्धतीने भाजलेला, दोन्ही त्याच नावाने विकतात, तुम्ही कुठला प्यायलात ते पत्रात नाहीये आणि खरं तर सगळं त्याच्यावरच आहे.

तर माझं म्हणणं, मार्क देणं सोडा आणि जोड्या लावा. जोडीत एकच गोष्ट वेगळी हवी, बाकी जमेल तेवढं सारखं. आलीशान घ्या आणि शेजारी दाँग डिंग घ्या, दोन्ही तैवानचे, दोन्ही बऱ्याचदा छिंगशिन याच जातीच्या झुडपाचे, दोन्ही गोळीसारखे वळलेले, पण दाँग डिंग जुन्या पद्धतीचा असेल तर जास्त ऑक्सिडाइज केलेला आणि वर भाजलेला. हे दोन कप शेजारी ठेवून प्यायलात की भाजण्याने चहाचं नेमकं काय होतं ते जिभेला एका सकाळीत कळतं, नुसतं वाचून ते कधीच कळत नाही. पुढच्या रविवारी वूयीचेच दोन, श्वेई श्येन आणि रोउ ग्वेई. तिकडचे लोक म्हणतात दाटपणात श्वेई श्येनच्या पुढे कोणी नाही आणि वासात रोउ ग्वेईच्या पुढे कोणी नाही, ते पटतंय का ते तुम्हीच ठरवा. मग कधीतरी एकच चहा दोन वेगळ्या वर्षांचा. असं केलं की "मला आवडला नाही" च्या जागी "हा जास्त भाजलाय" किंवा "ह्याचा वास मागे राहत नाही" अशी वाक्यं यायला लागतात, आणि ती दुसऱ्यालाही तपासून बघता येतात.

आता बनवण्याचं. गाँगफू पद्धत, म्हणजे शंभर-सव्वाशे मिलीची गायवान (झाकणवाली वाटी), त्यात ५-७ ग्रॅम पान आणि दहा-वीस सेकंदांचे छोटे छोटे घाणे, ही चहाचा आनंद घ्यायला सगळ्यात छान आहे पण तुलना करायला नाही, कारण ओतणाऱ्याचा हात त्यात फार येतो, एकाने पाच सेकंद उशीर केला की चहा बदलला. तैवानच्या चहास्पर्धांमध्ये परीक्षक प्रत्येक नमुना ३ ग्रॅम घेतात, १५० मिली उकळतं पाणी आणि पाच ते सहा मिनिटं, सगळ्यांना तेच. चीनमध्ये ऊलाँगसाठी ५ ग्रॅम आणि ११० मिलीची गायवान, त्यात पहिलं पाणी २ मिनिटं, दुसरं ३ आणि तिसरं ५. दोन्ही पद्धतींत चहा मुद्दाम कडक होतो, लपलेलं सगळं बाहेर यावं म्हणून. घरी तैवानवाली पद्धत सोपी पडते. एकसारखे पांढरे कप, एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि मोबाइलचा टायमर, झालं. वजनकाट्यावर कंजुषी करू नका प्लीज, गोळीवाला चहा चमचाभर घेतला आणि लांब पानाचा चमचाभर घेतला तर वजनात दुपटीचासुद्धा फरक पडतो आणि मग तुम्ही चहा नाही, चमच्याची तुलना करत असता.

चमच्याने घेऊन जोरात भुरका मारायचा, अजिबात लाजायचं नाही, व्यावसायिक चाखणारे पण तसंच करतात कारण हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो आणि ऊलाँगची अर्धी गंमत तिथेच आहे. गिळल्यावर थांबा. चांगल्या चहात आधी जराशी तुरट चव येते आणि मग काही सेकंदांनी घशातून गोडवा परत वर येतो, तो येतो का आणि किती वेळ टिकतो हे लिहून ठेवा. मग कप पूर्ण गार होऊ द्या आणि परत प्या. गरम असताना वासाच्या जोरावर खपून गेलेला चहा गार झाला की उघडा पडतो, कडवट नाहीतर पाणचट लागतो, आणि चांगला असेल तो गार सुद्धा गोड राहतो. माझा सगळ्यात जास्त विश्वास ह्याच एका परीक्षेवर आहे.

ओलं पान बशीत पसरून बघायला विसरू नका. एक पान बोटाने हळूच उलगडा. मधे हिरवं आणि कडेला तांबूस, दातेरी कड जणू रंगवलेली, असं दिसलं तर ते पान नीट हलवलंय. पानं बांबूच्या सुपात हलवतात, त्यात कडा एकमेकांवर घासून दुखावतात, तिथून ऑक्सिडेशन सुरू होतं आणि मग कढईत गरम करून ते थांबवतात. हिरवट ऊलाँगमध्ये ही लाल कड अगदी बारीक असते, कधीकधी काढूनही टाकलेली असते. खूप भाजलेल्या चहाचं पान काळं आणि चिवट असतं, उलगडतच नाही, तिथे रंगावरून काही कळत नाही. पण हलका म्हणून घेतलेल्या चहाचं पान पाच मिनिटांनी पण उघडलं नाही तर तो जरा जास्तच भाजला गेलाय.

आणि कोणता कप कोणाचा ते माहीत नसताना प्या. कपांच्या तळाला चिठ्ठी चिकटवा, ओतणारा एक आणि पिणारे बाकीचे. तुमच्यापैकी कोणाला "मला फरक कळतो" असं वाटत असेल तर तीन कप द्या, दोन एकाच चहाचे आणि एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून पाच-सहा वेळा करा.

प्रश्न : ताई, मिल्क ऊलाँग मागवला, पाकीट उघडल्याबरोबर घरभर बर्फीचा वास. हे खरंच असं असतं का? (नाशिक)

उत्तर : घरभर नसतं. जिन श्वान नावाची तैवानची एक जात आहे, तिकडच्या चहा संशोधन केंद्राने काढलेली १२ नंबरची, तिच्यात मुळातच हलका मलईसारखा वास असतो, पण अगदी हलका, कप नाकाशी नेला की जाणवतो. सुक्या पानाचा वास पाकिटाबाहेर येऊन भेटायला लागला तर वरून फ्लेवर लावलेला आहे. दोन-तीन पाणी करून बघा, वरून लावलेला वास पहिल्या-दुसऱ्या पाण्यात धुऊन जातो आणि मागे साधाच चहा उरतो. आवडत असेल तर जरूर प्या, फक्त तुलनेच्या टेबलावर आणू नका, त्याच्या शेजारचे कप पण त्याच वासाचे लागायला लागतात.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. पुण्याला मैत्रिणीकडे प्यायलेला तोच तिएग्वानयिन, त्याच पाकिटातला, इथे घरी अगदी सपाट लागतो आणि वर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो. काय चुकतंय? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाहीये, पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या पॉलिफेनॉल्सना धरतं, त्याचाच तो तवंग, रंगही काळपट येतो आणि वरचे नाजूक वास बसून जातात. पुण्याचं धरणाचं पाणी त्या मानाने हलकं, मुंबईचं तलावांचं तर अजून हलकं, म्हणून तिकडे तो चहा फुलतो. पण मग नुसतं आरओचं पण वापरू नका, फारच कमी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) असेल तर चहा पातळ आणि पोकळ लागतो. आरओच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळत टीडीएस १०० च्या आसपास आणा आणि तिथून आपल्या चवीने कमीजास्त करा. दूध घालून उकळलेल्या चहात हे सगळं झाकलं जातं, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला त्याचा त्रास झाला नसेल.

ह्याच्याच जोडीने एक सांगते, हिल स्टेशनला सुट्टीत चहा बरोबर नेणाऱ्यांसाठी. महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. हलक्या ऊलाँगला त्याने काही बिघडत नाही पण वूयीचा भाजलेला चहा जरा मिटलेला वाटतो, त्याला वेळ वाढवून द्या आणि किटली उकळत असतानाच ओता.

प्रश्न : नमस्कार, मी सॅन होजेला असते. ऑफिसमधल्या तैवानी मैत्रिणीने ओरिएंटल ब्यूटी दिला आणि कौतुकाने सांगितलं की हा किड्यांनी खाल्लेला चहा आहे. आई आलीये इथे, शुद्ध शाकाहारी, ती म्हणते मी शिवणार नाही. चहा तर मधासारखा गोड आहे! आईला काय सांगू? (कॅलिफोर्निया)

उत्तर : आईंना सांगा की किडा चहात नाही, किडा बागेतच राहिला. हे तुडतुडे असतात, तेच आपल्याकडे कापसावर भेंडीवर येतात त्या कुळातले, अगदी छोटे हिरवे. ते पान कुरतडत नाहीत, कोवळ्या शेंड्यातला रस शोषतात आणि उडून जातात. झुडूप त्याला उत्तर म्हणून स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पुढे पान भरपूर ऑक्सिडाइज केलं की त्यातूनच तो मधाचा आणि पिकल्या फळांचा वास येतो. मध घातलेला नसतो, दुसरं काही घातलेलं नसतं. शिवाय तुडतुडे यायला हवेत म्हणून त्या बागांमध्ये कीटकनाशक मारून चालतच नाही. तैवानच्या शिन्चू आणि म्याओली भागात उन्हाळ्यात, साधारण जूनच्या सुमारास हा चहा होतो. आणि आईंनी आयुष्यात कधी दार्जिलिंगचा सेकंड फ्लश (दुसऱ्या तोडणीचा चहा) प्यायला असेल, तर त्याच्या मस्कटेल, म्हणजे द्राक्षासारख्या वासामागे पण हेच तुडतुडे आणि फुलकिडे आहेत, त्याला आपण कधी नावं ठेवली नाहीत. एवढं सांगून पण त्यांचं मन घेत नसेल तर आग्रह करू नका, त्यांच्यासाठी बाओजोंग घ्या, तोही तैवानचाच, हलका आणि फुलांच्या वासाचा, पहिल्यांदा ऊलाँग पिणाऱ्याला तो लगेच जवळचा वाटतो.

तुम्ही अमेरिकेत आहात म्हणून अजून एक, तैवानचा ऊलाँग तिकडे नवा नाही. १८६९ मध्ये जॉन डॉड नावाच्या व्यापाऱ्याने दोन जहाजं भरून तो थेट न्यूयॉर्कला पाठवला, "फॉर्मोसा ऊलाँग" ह्या नावाने (फॉर्मोसा हे तैवानचं जुनं नाव), आणि तिथून त्याचा बाहेरच्या देशांतला व्यापार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

ओरिएंटल ब्यूटीला उकळतं पाणी नको, ८५ ते ९० अंश बास. पण दार्जिलिंगशी तुलना करायची तर दोन्हीला एकच तापमान ठेवा. ती जोडी नक्की लावून बघा आणि मला कळवा, मला स्वतःला ही जोडी फार प्रिय आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो हा मूळ झाडाचा दा होंग पाओ आहे, म्हणून महाग. घेऊ का? (ठाणे)

उत्तर : नका घेऊ. वूयीच्या कड्यावर मूळ म्हणून जपलेली झुडपं सहा, आणि त्यांची तोडणी २००६ पासून बंद आहे. त्यांचा शेवटचा २० ग्रॅम चहा २००७ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. बाजारात दा होंग पाओ म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा वूयीच्याच दोन-तीन जातींचं मिश्रण असतो, कधी मूळ झाडांच्या कलमांचा असतो. मिश्रण उत्तम असू शकतं, त्यात कमीपणा काही नाही, पण मूळ झाडाच्या नावाने पैसे मागणाऱ्याकडून बाकीचा चहा पण घेऊ नये असं मला वाटतं.

प्रश्न : पहिलं पाणी ओतून दिलं की कॅफिन निघून जातं ना? मग रात्री प्यायला चालेल? (सोलापूर)

उत्तर : नाही जात. पाच-दहा सेकंदात पान जेमतेम भिजतं, कॅफिन त्यानंतरच्या प्रत्येक पाण्यात उतरत राहतं. झोप हलकी असेल तर दुपारी चारच्या आत प्या. आणि टेस्टिंगच्या दिवशी उपाशीपोटी बसू नका, सहा-सात कडक कप रिकाम्या पोटी गेले की हात थरथरतात, मळमळतं.

प्रश्न : ताई पावसाळ्यात इथे पापड पण सादळतात, महागाचे ऊलाँग ठेवायचे कुठे? फ्रिजमध्ये? (रत्नागिरी)

उत्तर : हिरवट ऊलाँग व्हॅक्यूम पाकिटात असेल आणि उघडलेला नसेल तर फ्रिजमध्ये जरूर ठेवा, पण बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान तीन-चार तास, कात्री लावायची नाही, नाहीतर कोकणातल्या हवेचं पाणी गार पानावर बसलंच म्हणून समजा. एकदा उघडलेलं पाकीट परत फ्रिजमध्ये नको, तिथे लसूण आणि फोडणीचा वास पण धरतो तो. म्हणून २५-५० ग्रॅमची छोटी पाकिटं घ्या, जरा महाग पडली तरी. भाजलेला चहा घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच राहू दे, डबा शक्यतो भरलेला, आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब. वूयीचा ताजा भाजलेला तर काही महिने मुरू द्यावाच लागतो, धगीचा वास खाली बसल्यावर आतली चव वर येते.

भाजलेला चहा सादळलाच तर स्वच्छ, बिनवासाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर काही मिनिटं हलवत गरम करा, ओल जाते आणि बराचसा सावरतो. हिरवट ऊलाँगचा वास मात्र एकदा गेला की परत येत नाही. तो टाकून देऊ नका, लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, तुरटपणा जवळपास लागत नाही आणि पाहुण्यांना सरबताऐवजी द्यायला चांगला होतो.