घरी सगळं येतं, मग पेपरात का सुचत नाही?

"मॅडम, घरी सगळं येतं. पेपर हातात पडला की डोकं कोरं होतं."

परीक्षा जवळ आल्या की समुपदेशनाच्या कामात मला हे वाक्य मुलांकडून, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, ऐकायला मिळतं. निदान बहुतेकांनी घरूनच करून आणलेलं असतं: भीती. मग उपायही भीती घालवायचाच हवा असतो. भीती असते, नाही असं नाही. पण कित्येकदा ती मागाहून येते, आधी वेगळंच काहीतरी बिघडलेलं असतं. मानसशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसलं, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

उच्च माध्यमिक वर्गातली मुलगी. विषय हौसेने घेतलेला. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की हिचा हात वर. चाचणीत मात्र जेमतेम निम्मे गुण. आई सोबत आली होती. "रात्री बारा-बारापर्यंत बसते हो. मी स्वतः बघते. मोबाइलसुद्धा माझ्याकडे असतो," आई सांगत होती आणि मुलगी मान खाली घालून बॅगेचा बंद पिळत होती. थोड्या वेळाने तिने वही काढली. वही बघण्यासारखी होती. व्याख्या गुलाबी, संशोधकांची नावं निळी, सालं हिरवी, उदाहरणं पिवळी. बिनरंगाची ओळ शोधावी लागत होती. "यातलं महत्त्वाचं कोणतं?" असं विचारलं तर म्हणाली, "सगळंच."

आणखी एक गोष्ट तिने आई बाहेर गेल्यावर सांगितली. मनोविकारांचं प्रकरण वाचताना चिंता-विकाराची लक्षणं तिने स्वतःला लावून पाहिली होती आणि ती जुळली होती. या प्रकरणाच्या सुमारास माझ्याकडची गर्दी वाढते, हे शिक्षकांना सांगितलं तर ते हसतात, पण खरं आहे. वैद्यकाच्या काही विद्यार्थ्यांचंही हेच होतं, शिकत असलेला आजार आपल्याला झालाय असं वाटतं. तिला एवढंच सांगितलं की सार्वत्रिक चिंता-विकाराचं निदान करायला बहुतेक दिवस, किमान सहा महिने चाललेली आणि आवरता न येणारी काळजी लागते, शिवाय तिने फार त्रास तरी होत असावा लागतो किंवा रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. हिची झोप, भूक, मैत्रिणी सगळं जागेवर होतं. त्यात बिघाड दिसला असता, किंवा जगणं नकोसं झाल्याची भाषा आली असती, तर अभ्यासाचं बोलणं बाजूला ठेवून मी तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

श्वासाचे व्यायाम वगैरे काही दिले नाहीत. तपासलेल्या उत्तरपत्रिका घेऊन ये, म्हटलं. हा माझा नेहमीचा हट्ट आहे. डोकं कोरं होतं म्हणणाऱ्याच्या कागदावर कोरी जागा नेमकी कुठे पडली ते बघायचं असतं.

कोरी जागा फारशी नव्हतीच. सहा गुणांचा एक प्रश्न असा होता: दुकानात मूल खेळण्यासाठी रडतं, आई वैतागून खेळणं घेऊन देते, रडणं थांबतं. पुढच्या खेपेला मूल लवकर रडायला लागतं आणि आईही लवकर नमते. साधक अभिसंधानाच्या संकल्पना वापरून दोघांचं वर्तन स्पष्ट करा. (साधक अभिसंधान म्हणजे वर्तनाच्या परिणामांमुळे ते वर्तन वाढणं किंवा घटणं.) हिने दीड पान लिहिलं होतं. ही कल्पना मांडणारा स्किनर, त्याची प्रयोगाची पेटी, तीत कळ दाबणारा उंदीर, प्रबलनाची व्याख्या, प्रबलनाच्या वेळापत्रकांचे चारही प्रकार. सगळं बरोबर. आई आणि मूल मात्र दीड पानात कुठेच नाहीत. अगदी शेवटच्या ओळीत एकदाच आले, ते असे: "येथे आईने मुलाला ऋण प्रबलन म्हणजेच शिक्षा दिली." सहापैकी दोन गुण आणि समासात बाईंचा लाल शेरा, "प्रश्न नीट वाच."

शेरा रास्त होता, पण त्याने काही साधणार नव्हतं. प्रश्न तिने वाचला होता. त्यात साधक अभिसंधान हे शब्द दिसले आणि त्या नावाचं वहीतलं पान जसंच्या तसं कागदावर उतरलं. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची गल्लत तर जिथे हा विषय शिकवला जातो तिथे दरवर्षी होतेच. प्रबलन म्हटलं की वर्तन वाढायला हवं, शिक्षा म्हटलं की घटायला हवं. धन म्हणजे काही मिळालं, ऋण म्हणजे काही निघून गेलं. मुलाला खेळणं मिळालं आणि रडणं वाढलं, हे धन प्रबलन. आईच्या मागची कटकट गेली आणि तिचं नमणं वाढलं, हे ऋण प्रबलन. गुण मिळवून देणारा मजकूर खरं तर एवढाच.

मग मी तिला वही मिटायला लावली. साक्षीदाराच्या स्मृतीवरचा लॉफ्टस आणि पामरचा प्रयोग सांग, म्हटलं.

"१९७४. अपघाताची फिल्म दाखवली... प्रश्नातला शब्द बदलला..." ती थांबली. "मॅडम, पान दिसतंय मला डोळ्यांसमोर. डाव्या बाजूला, खाली. निळ्या पेनने चौकट केलीय. चौकटीत काय आहे तेच..."

वही उघडून दाखवली. "हां, हेच! येत होतं मला."

येत नव्हतं. समोर आल्यावर ओळखता येत होतं. प्रत्यभिज्ञा आणि प्रत्यावाहन, म्हणजे पाहून ओळखणं आणि काही समोर नसताना आठवणं, यांतला फरक तिच्याच पुस्तकातल्या स्मृतीच्या प्रकरणात होता आणि त्याची व्याख्या तिने मला लगेच म्हणूनही दाखवली. पेपर आठवायला लावतो आणि ही रोज रात्री बारापर्यंत ओळखण्याचा सराव करत होती. पाचव्यांदा वाचलेलं पान डोळ्यांखालून सरसर जातं, त्यालाच आपण "येतंय" म्हणतो.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याशी बोलण्याचा एक फायदा असतो: उपदेशाऐवजी प्रयोग सांगता येतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो वाचनाच्या चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि मग तीन फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ६१. त्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही की पुढे आपल्याला किती आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. २०१३ साली डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात ओळी रंगवणं आणि पुन्हा वाचणं दोन्ही कमी उपयोगाच्या यादीत गेल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं या दोनच पद्धती वरच्या यादीत आल्या. हे ऐकताना तिने आपल्या वहीवर अलगद हात ठेवला.

"पण वाचल्याशिवाय मला चैनच पडत नाही," ती म्हणाली. "वही मिटली की पोटात गोळा येतो. उघडून वाचायला लागले की बरं वाटतं."

"वही उघडली की काय जातं?"

"गोळा."

"आणि मग वही उघडणं वाढतं की कमी होतं?"

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "हे ऋण प्रबलन आहे," ती म्हणाली, आणि हसली. ही संकल्पना तिला त्यानंतर कधी चुकली नाही. तिच्या अभ्यासाची अडचणही यात होती. पुन्हा पुन्हा वाचण्याने आठवण पक्की होत नव्हती, काळजी तेवढी थोडा वेळ उतरत होती. म्हणून तर इतक्या मेहनतीने ते चाललं होतं. अशा मुलाला "आणखी वाच" म्हणणारी प्रेमळ माणसं घरात असली की सवय आणखी मुरते. "कमी वाच" म्हणूनही भागत नाही, कारण वही मिटल्यावर येणाऱ्या गोळ्याचं काय करायचं ते त्यात सांगितलेलं नसतं.

आम्ही ठरवलं ते असं. प्रकरण एकदा नीट वाचायचं, मग वही दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. टेबलावर कोरा कागद. प्रयोग असेल तर कोणी केला, काय बदललं, काय मोजलं, काय निघालं, आणि त्यावर आक्षेप काय घेता येईल. आठवेल तेवढंच लिहायचं, अडलं तर जागा सोडायची, पण उठायचं नाही. पोटातला गोळा राहू दे, तो आपला आपण थोड्या वेळाने सैल होतो. मग वही आणून सुटलेल्या जागा वेगळ्या शाईने भरायच्या. दोन दिवसांनी तेच पुन्हा, नंतर आठवड्याने. आणि एका बैठकीत एकच प्रकरण घ्यायचं नाही. पावलॉव्ह (अन्नाची खूण मिळताच लाळ गाळणारा कुत्रा) आणि स्किनर शेजारी ठेवून दिलेल्या उदाहरणात नेमका कोण लागू पडतो ते ठरवायचं, कारण पेपर प्रकरणाचं नाव सांगून प्रश्न विचारत नाही.

लॉफ्टस-पामरचा तिचा पहिला कागद मी बघितला होता. तीन ओळी आणि मोकळी जागा. नंतरच्या एका कागदावर होतं: एकाच अपघाताबद्दल 'आदळल्या' या अर्थाचं क्रियापद वापरून विचारलं तेव्हा वेगाचा अंदाज सरासरी ताशी ४०.५ मैल आला, 'स्पर्श झाला' म्हटल्यावर ३१.८. खाली वेगळ्या शाईत तिने लिहिलं होतं, "फिल्म बघणाऱ्याला अपघाताची भीती वाटत नाही. खऱ्या साक्षीदाराला वाटते. मग निष्कर्ष तिथे लावायचा का?" हे तिला वहीने सांगितलेलं नव्हतं.

मधल्या काळात आईचा फोन आला. जरा रागातच होत्या. "आधी निदान पाठ तरी होतं हिला. आता विचारलं की म्हणते, आठवत नाही." हे होणारच होतं आणि मी ते आधी सांगूनही ठेवलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि घरात बघणं वेगळं. वहीच्या आधाराने जे झाकलं जायचं ते आता उघडं पडत होतं. मी त्यांना एवढंच करायला सांगितलं की पाठ म्हणून घेऊ नका, तिने लिहिलेले कागद तारखेनुसार लावून ठेवा. मोकळ्या जागा कमी होताना दिसल्या तशा त्या शांत झाल्या.

तिच्या मानसशास्त्राच्या बाईंनाही भेटले. तळमळीने शिकवणाऱ्या बाई. परीक्षेआधीचे सगळे तास त्या उजळणीला देत, म्हणजे फळ्यावर पुन्हा सगळं समजावून सांगत. मुलं माना डोलवत. वर्गातलं डोलणं आणि वहीतले रंग मला एकाच जातीचे वाटतात. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं पुस्तकं बंद ठेवून मागच्या आठवड्यातलं लिहून घ्यावं, गुण न देता, अशी सूचना मी केली. त्यांचा प्रश्न रोखठोक होता: "पोर्शन कधी पुरा करायचा मग?" अडचण खरी आहे. उजळणीचेच तास त्यासाठी वापरता येतील, असं आमच्यात ठरलं. बाईंनी स्वतःहून एक भर घातली आणि ती माझ्या सूचनेहून सरस होती. मुलांनी आपल्याच उत्तरात संकल्पनेच्या नावाखाली एक रेघ आणि प्रश्नातल्या माणसाचा उल्लेख येईल तिथे दुसरी रेघ ओढायची. दुसरी रेघ सापडली नाही तर उत्तर अर्धंच आहे. समासातल्या लाल शेऱ्यापेक्षा हे मुलांना पटकन कळलं.

राहिली भीती. आठवायचा सराव झाल्यावर तिची बरीचशी गेली. उरलेली घालवायच्या मागे लागू नको, असं मी तिला सांगितलं. पेपरच्या आधी थोडी धडधड सगळ्यांनाच होते आणि तिने काही बिघडत नाही. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की परीक्षेआधी दहा मिनिटं आपल्या काळजीविषयी मोकळेपणी लिहिलं तर घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारते. हिने ते करून पाहिलं आणि तिला जमलं नाही. लिहिताना आणखी धास्ती वाटते म्हणाली, म्हणून सोडून दिलं. तिला उपयोगी पडलं ते साधंच: पेपर हातात आला की आधी सगळे प्रश्न वाचायचे आणि प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने दोन-तीन शब्द टाकायचे. शब्द आलेला प्रश्न आधी, न आलेला नंतर.

शेवटच्या परीक्षेत उदाहरणावरच्या प्रश्नांत तिला जवळपास पूर्ण गुण मिळाले. एका प्रयोगाचं साल चुकलं. मोठ्या उत्तरांत ती अजून पाल्हाळ लावते. एक प्रश्न वेळेअभावी राहिला, त्यामुळे एकूण गुण आईच्या अपेक्षेपेक्षा कमीच आले. आता घड्याळ लावून उत्तरं लिहिण्याचा सराव तिच्या बाई तिच्याकडून करून घेताहेत.