वाचकांचे प्रश्न : जमीन सोडताच ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’

प्रश्न : विमानाने नुकतीच जमीन सोडली आहे आणि टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे टीकॅसने, इशारा दिला. वैमानिक लगेच विमान वळवतात का?

उत्तर : नाही. टीकॅस डावीकडे-उजवीकडे जायला सांगतच नाही, सांगतो ते फक्त वर-खाली. तो साधारण दर सेकंदाला आसपासच्या विमानांना 1030 मेगाहर्ट्झवर विचारणा करतो आणि 1090 वर त्यांच्या ट्रान्सपाँडरचे, म्हणजे अशा विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ-यंत्राचे, उत्तर येते. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि उंची उत्तरातच असते. दिशेचा अंदाज मात्र ढोबळ असतो, त्याच्या भरवशावर विमान वळवणे धोक्याचे.

इशारे दोन प्रकारचे. ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ हा पहिला, टीए, म्हणजे नुसता सावध करणारा. पडद्यावर पिवळसर गोळा दिसतो. शेजारी ‘+05’ आणि वर जाणारा बाण असेल, तर ते विमान 500 फूट वर आहे आणि आणखी चढते आहे. या वेळी उडवणाऱ्याने हात कंट्रोलवर ठेवायचे, दुसऱ्याने पडदा आणि खिडकी पाहायची, पण उंची बदलायची नाही. नुसत्या टीएवर केलेली हालचाल कधी कधी नसलेला धोका उभा करते.

दुसरा आरए, म्हणजे टक्कर टाळायला काय करायचे ते सांगणारा. गोळ्याच्या जागी लाल चौकोन येतो आणि थेट आज्ञा ऐकू येते. उड्डाणानंतर मात्र ही आज्ञा मुद्दाम उशिरा सुरू होते. चढताना जमिनीपासून साधारण 600 फुटांपर्यंत टीकॅसचा आवाजच बंद असतो. 1100 फुटांपर्यंत आरए मिळत नाही, आणि ‘डिसेंड’ (खाली या) तर 1200 फूट ओलांडल्याशिवाय नाही. वेग कमी, फ्लॅप (पंखांना जोडलेल्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा) बाहेर, जमीन जवळ, अशा वेळी झटक्याने नाक खाली करायला लावणे टकरीच्या शक्यतेपेक्षाही जास्त घातक ठरेल.

हिशेब अंतरापेक्षा वेळेचा असतो. 1000 ते 2350 फुटांच्या पट्ट्यात टीए संभाव्य टकरीच्या साधारण 25 सेकंद आधी येतो, आरए 15 सेकंद आधी. 20,000 फुटांच्या वर हेच आकडे 48 आणि 35 आहेत. खाली वेळ इतका थोडा, म्हणूनच आरए आल्यावर पहिल्या 5 सेकंदांत प्रतिसाद सुरू व्हायला हवा. बहुतेक विमानांत ऑटोपायलट काढायचा (एअरबसच्या अनेक प्रकारांत दोन्ही फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे पडद्यावर विमान कसे न्यायचे ते दाखवणाऱ्या खुणाही, बंद करायचे) आणि चढ-उताराचा दर पडद्यावर दाखवलेल्या हिरव्या पट्ट्यात आणायचा. हालचाल सौम्य, साधारण पाव ‘जी’ची (गुरुत्वाकर्षणाच्या पाव भागाइतकी). आज्ञा वाढली किंवा उलटली तर मात्र अडीच सेकंदांत आणि जास्त ठामपणे.

उड्डाणानंतर वरून कोणी जात असेल, तर ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ (चढणे थांबवून समतल व्हा) अशी आज्ञा येऊ शकते. खरी गडबड इथे होते. नाक खाली येते, पण इंजिने चढाईच्या ताकदीवरच असतात. वेग भराभर वाढतो आणि बाहेर असलेल्या फ्लॅपची वेगमर्यादा ओलांडली जाते. म्हणून नाकाबरोबर थ्रस्टकडेही, म्हणजे इंजिनांच्या जोराकडेही, लक्ष हवे. याच आज्ञेचे जुने शब्द ‘अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ असे होते. दर कमी करा असा त्यांचा अर्थ, पण काही वैमानिकांनी उलट दर वाढवला. म्हणून टीकॅसच्या 7.1 आवृत्तीत शब्दच बदलले. गोंधळाला जागा न ठेवणारा हा बदल आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक एक सांगतो आणि टीकॅस दुसरे. ऐकायचे कोणाचे?

उत्तर : टीकॅसचे. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ते आपसांत ठरवतात, की एकाने वर जायचे आणि दुसऱ्याने खाली. नियंत्रकाला ही बोलणी ऐकू येत नाहीत. 1 जुलै 2002 रोजी जर्मनीत उबरलिंगेनच्या आकाशात टुपोलेव्ह-154 च्या टीकॅसने ‘क्लाइंब’ (वर चढा) सांगितले होते, पण विमान नियंत्रकाच्या सांगण्यावरून खाली येत राहिले. समोरचे मालवाहू बोइंग 757 आपल्या टीकॅसप्रमाणे खालीच येत होते. 71 जण गेले.

म्हणून आरए आला की आधी विमान सांभाळायचे, मग रेडिओवर ‘टीकॅस आरए’ एवढेच सांगायचे. त्यानंतर नियंत्रक त्या विमानाची वाट बदलू पाहत नाही. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू आले की ठरलेल्या उंचीवर परतायचे आणि तसे कळवायचे. स्टॉल (पंखांची उचल नाहीशी होणे), विंडशिअर (वाऱ्याचा वेग-दिशा अचानक बदलणे) आणि जमीन जवळ आल्याचे इशारे मात्र आरएच्याही वरचे.

प्रश्न : धोका नसतानाही आरए का येतो?

उत्तर : कारण तुम्ही कुठे थांबणार आहात हे टीकॅसला माहीत नसते. तुमच्या ठरलेल्या उंचीच्या 1000 फूट वर दुसरे विमान असेल आणि तुम्ही मिनिटाला 3000 फुटांनी चढत असाल, तर त्याच्या हिशेबात तुम्ही त्याला भिडणार. शेवटच्या 1000 फुटांत चढाईचा दर मिनिटाला 1500 फुटांखाली आणा, असे बहुतेक आरए टळतात.

प्रश्न : टीकॅस ‘टीए ओन्ली’वर, म्हणजे आरए बंद करून, का ठेवतात?

उत्तर : एक इंजिन बंद पडलेले विमान ‘क्लाइंब’ची आज्ञा पाळू शकेलच असे नाही. अशा वेळी ‘टीए ओन्ली’ केले की समोरच्या विमानाचा टीकॅस याच्याकडून हालचालीची अपेक्षा धरत नाही आणि सुटकेचा मार्ग एकटाच काढतो. ट्रान्सपाँडर नसलेले ग्लायडर किंवा ड्रोन टीकॅसला दिसतच नाहीत. तिथे खिडकीबाहेर पाहणारे डोळेच कामी येतात.