बँडमधले मित्र माझा ॲम्प, इफेक्ट्सचा प्रोसेसर, जॅकची वायर सारखे मागून नेतात आणि वर बेसिस्ट म्हणून माझीच टिंगल करतात. देणं बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की दर आठवड्याला कोणीतरी काहीतरी मागून नेतं, परत येतं तेव्हा एखादं बटण तरी कमी असतं, आणि ग्रुपवर बेसिस्टचे विनोद मात्र रोज सुरू. मी असल्या प्रश्नांना सहसा उत्तर देत नाही. पण तुमचा लीड गिटारिस्ट म्हणतो ते "चारच तर तारा आहेत" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार बेस, म्हणजे चार तारांची खर्जातली गिटार, वाजवतो, कॉलेजपासून वाजवतोय. हेच वाक्य मी ज्या संध्याकाळी ऐकलं त्या संध्याकाळी एक स्पीकर फाटला, आणि त्याचं खापर अजून माझ्याच डोक्यावर आहे.

२०१० चा डिसेंबर. कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हे म्युझिक फेस्टिव्हल पहिल्यांदाच झालं होतं आणि आम्ही चौघं तिथून येताना गाड्यांवर डबलसीट, डेक्कनपर्यंत नुसते ओरडत आलो होतो. आपणही वाजवायचंच, असं ठरलं. जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग होतं, चार गाणी मिळाली. तालमीची जागा म्हणजे सदाशिव पेठेत आमच्या ड्रमरच्या आजोबांच्या वाड्यातली मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, आणि सगळ्यांना मिळून एकच एक्स्टेन्शन बोर्ड, अर्थिंग नसलेला. गाता गाता गिटारच्या तारांना हात असताना माईकला ओठ लागले की झिणझिण्या यायच्या, म्हणून आम्ही माईकवर मोजा चढवून गायचो. (हे करू नका. अर्थिंग करून घ्या. मोजा चढवला म्हणून करंटचा धोका टळत नाही.)

माझ्याकडे तेव्हा बेससाठीचा १२ इंची स्पीकरचा सेकंडहँड ॲम्प होता. शिकवण्यांच्या पैशातून ९,००० रुपयांना घेतलेला. गॅदरिंगच्या दहा दिवस आधी आमच्या लीडने तो मागून नेला, चुलतभावाच्या साखरपुड्यात कीबोर्ड वाजवायचा होता म्हणून. मागितलं काय, मी चहा आणायला गेलो तेवढ्यात ड्रमरला सांगून रिक्षात टाकला. दोन दिवसांत आणतो म्हणाला. आठव्या दिवशी तालमीला मी बेस घेऊन आलो आणि ॲम्प नव्हता.

तो म्हणाला, माझ्यात लाव.

त्याचा ॲम्प गिटारचा. १२ इंचीच स्पीकर, मागून उघडी पेटी. मी सांगितलं, स्पष्ट सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं: ह्यात बेस लावला तर स्पीकरचा कागदी कोन फाटेल. त्यावर तो हसून म्हणाला, "अरे चारच तर तारा आहेत, काय होणारे!" बाकी दोघंही हसले. मी जॅक लावला आणि व्हॉल्यूम दोनवर ठेवला. पहिली तीन गाणी नीट झाली. चौथ्या गाण्याच्या मध्यावर, त्याच्या सोलोच्या आधी, तो माझ्या बाजूने पुढे गेला आणि जाता जाता बटण सातवर नेलं. "ऐकूच येत नाहीये भावा." पुढचाच स्वर सगळ्यात जाड तारेवरचा मोकळा ई होता. ताडपत्री टरकावी तसा आवाज आला. मग मी काहीही वाजवलं तरी आतून खर्र खर्र, पत्र्यावर खडू ओढल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी माझ्या बेसच्या कव्हरला पुठ्ठ्याची पाटी बांधलेली होती. पुणेरी पाट्यांच्या थाटात, सुवाच्य अक्षरात: "येथे बेस उसना मिळेल. वादक फुकट." आणि खाली: "बेसिस्टने इतरांच्या ॲम्पपासून दोन हात दूर राहावे. हुकमावरून." ती पाटी गॅदरिंगला निवेदकाने स्टेजवर वाचून दाखवली. सगळं ग्राउंड हसलं. तेव्हापासून आमच्या मित्रांमध्ये, तीन लग्नांत आणि एका बारशात, ही गोष्ट "ह्याने ॲम्प फाडला" अशीच सांगितली जाते. माझा ॲम्प रिक्षात कोणी नेला ते त्या गोष्टीत नसतं. बटण कोणी फिरवलं तेही नसतं.

स्पीकर दुरुस्त करायला मीच घेऊन गेलो, बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान, छतापर्यंत कोन नसलेल्या स्पीकरचे सांगाडे लटकवलेले. काकांनी दोन्ही हातांची बोटं कोनावर पसरून तो हळूच आत दाबला, कान जवळ नेला आणि मान वर न करता विचारलं, "ह्यात बेस वाजवला का?" मी हो म्हटलं. "कोणी लावायला सांगितला?" त्यांनी ते सहज विचारलं असेल, पण त्या आठवड्यात मला तो प्रश्न विचारणारे ते एकटेच होते.

मग मी तिथे तीन तास बसलो. काकांनी ब्लेडने मधली टोपी कापली, फाटका कोन कडेने सोडवला, आतली कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं, दाखवली. एका बाजूला घासून तिचं वार्निश काळं पडलं होतं. चुंबकाच्या फटीत टाचणी फिरवून कचरा काढला. नवीन कॉइल फटीत बरोबर मध्ये बसावी म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या कापून कॉइलच्या आत खोचल्या, मग कोन ठेवला, कडेने गोंद फिरवला, वर एक जड थाळी पालथी घातली. म्हणाले, उद्या ये, गोंद वाळायच्या आत वाजवलास तर पुन्हा इथेच येशील. ७५० रुपये घेतले. फाटका कोन मी मागून घेतला, तो अजून माझ्याकडे आहे.

त्यांनी थोडक्यात सांगितलेलं आणि मी नंतर वाचून पक्कं केलेलं कारण इथे देतो, कारण बँडमध्ये हे कोणालाच माहीत नसतं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सुमारे ८२ हर्ट्झ. बेसची तीच तार ४१, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आवाज तेवढाच ठेवून स्वर सप्तकभर खाली न्यायचा तर स्पीकरच्या कोनाला चौपट पुढेमागे हलावं लागतं. गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ आणि कडक कागदाचा, त्याची कॉइल जेमतेम मिलिमीटरभर प्रवास करायला बनवलेली. त्यात मागून उघडी पेटी, म्हणजे कोनाला आवरायला मागे कोंडलेली हवासुद्धा नाही. शिवाय आपले कान खर्जाला मंद असतात, त्यामुळे "ऐकू येत नाहीये" म्हणत माणूस बटण फिरवतच राहतो. म्हणून बेसच्या ॲम्पला जास्त वॉट लागतात, स्पीकर वेगळा लागतो, पेटी वेगळी लागते. चार तारा असल्या म्हणून काम कमी नसतं, ॲम्पला तर जास्तच असतं.

आणि चार तारांचंच म्हणाल तर पुण्यात राहून हे वाक्य तोंडातून निघतं कसं? सवाईच्या स्टेजवर गवयाच्या मागे जे तानपुरे असतात त्यांनाही बहुतेक वेळा चारच तारा असतात, आणि त्यातली शेवटची खर्जाची. ती उतरली की गवई गाणं थांबवून आधी ती लावून घेतो. तिथे कोणी हसत नाही.

आमच्या लीडला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही तो मान्य करत नाही ते सांगतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि लगेच १९५२ मध्ये त्याच्यासाठी बेसमन नावाचा वेगळा ॲम्प काढला, कारण गिटारच्या ॲम्पवर हे वाद्य पेलत नव्हतं. म्हणजे जे मी त्या खोलीत ओरडून सांगत होतो ते साठ वर्षं आधी कंपनीला कळलेलं होतं. पुढे गिटारवाल्यांनीच तो बेसमन उचलला. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये जिम मार्शलच्या दुकानात जो पहिला मार्शल ॲम्प बनला, त्याचं सर्किट बेसमनवरूनच घेतलेलं. ज्या आवाजासाठी प्रत्येक लीड गिटारिस्ट जीव टाकतो त्याचं मूळ बेसच्या ॲम्पमध्ये आहे. उसनं कोणी कोणाकडून नेलं, ते बघा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पिक आणि सुट्या तारा द्या आणि विसरा. जॅक द्या, पण दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळून. फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेच्या, तालमी सुरू झाल्या की कोणाचा जॅक कोणाकडे आहे हे कोणीच सांगू शकत नाही. ॲडॉप्टर देऊ नका, घेऊही नका. बहुतेक पेडलना, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांना, ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते. कीबोर्डचा ॲडॉप्टर दिसायला तसाच असतो, भोकात बसतोही, पण तो १२ व्होल्टचा आणि पिन उलटी निघाली की पेडल एका क्षणात जातं. अकूस्टिक गिटार एप्रिल-मे महिन्यात कोणालाही देऊ नका, कारण तो ती दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवणार आणि ब्रिजखालचा गोंद सुटणार. प्रोसेसर द्यायचा तर आधी आपले पॅच, म्हणजे त्यात साठवलेले आवाज, कॉम्प्युटरवर काढून ठेवा. ॲम्प आपण सोबत असू तरच.

पण माझं खरं मत विचाराल तर वस्तूचा आणि विनोदाचा हिशोब एकच आहे. जो तुमच्या वाद्याला हसतो तो ते वाद्य कसं चालतं हे कधीच समजून घेत नाही, आणि जो समजून घेत नाही त्याच्या हातात तुमचं सामान सुरक्षित नाही. ड्रमरवर विनोद करणारा गिटारिस्ट ड्रमच्या खोक्यावर चहाचा कप ठेवतो. गायकावर विनोद करणारा ड्रमर माईक खाली टाकतो. मी हे दहा वेळा पाहिलंय. चेष्टा करणाऱ्यांतही फरक असतो. एक जण मला "अरे खर्ज" म्हणून हाक मारायचा, पण तालीम संपली की माझा जॅक नीट गोल गुंडाळून द्यायचा, कोपराभोवती पीळ न देता. त्याला मी आजही काहीही देईन. तुमच्या ग्रुपमध्ये असा कोण आहे ते तुम्हालाच माहीत. बाकीच्यांना सरळ नाही म्हणा. कारण सांगत बसू नका, कारण सांगितलं की त्याचा विनोद होतो.

नुकसानभरपाईचंही आधीच बोलून ठेवा: ज्याच्यामुळे वस्तू बिघडली त्याने दुरुस्तीचा खर्च द्यायचा. आमच्याकडे हे बोललं गेलं नव्हतं म्हणून ७५० मी भरले, आणि माझ्या स्वतःच्या ॲम्पचं ट्रेबलचं बटण साखरपुड्यातून परत आलंच नाही, तेही मी भरलं.

थोडं वाजवी बोलायचं तर, गिटारच्या ॲम्पमध्ये बेस अगदी हळू, घरातल्या घरात वाजवला तर काही होत नाही, घाबरू नका. उलटं, म्हणजे बेसच्या ॲम्पमध्ये गिटार, बिनधास्त लावा. आवाज जरा बोथट येईल एवढंच. आणि मित्र खरंच हातात पैसे नसताना शिकत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि द्या. आमचा लीडही माणूस वाईट नव्हता. माझा पहिला बेस घ्यायला तोच माझ्याबरोबर मुंबईला आला होता, आणि येताना सिंहगड एक्स्प्रेसमध्ये जागा नव्हती तर कर्जतपर्यंत बेस डोक्यावर धरून उभा होता. हे मी कुठल्याही लग्नात सांगायला तयार आहे.

तोही इथे वाचतो असं ऐकलंय. वाचत असशील तर, ते ७५० मला नकोत. येत्या डिसेंबरात तुझ्या बहिणीच्या लग्नात ही गोष्ट निघणारच आहे. तेव्हा मी दोनवर ठेवलेलं बटण सातवर कोणी नेलं, तेवढं तू स्वतःच्या तोंडाने सांग. फाटका कोन मी घेऊन येतो.