वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला दिवसाचे लाईट लावायचेत, पण आधी गाडीच्या मागे जाऊन बघा

प्रश्न : दादा नमस्कार, माझ्याकडे २००८ ची वॅगन आर आहे, रंग सिल्व्हर. आम्ही साखरप्याचे, आईचं औषधपाणी कोल्हापूरला चालू आहे त्यामुळे महिन्यातून तीन-चार वेळा आंबा घाट चढावा लागतो. गेल्या पावसाळ्यात भर दुपारी घाटात एक टेम्पो ओव्हरटेक करत सरळ माझ्या अंगावर आला, कसाबसा वाचलो, आणि पुढे थांबून तो म्हणतो गाडी दिसलीच नाही हो. घरचे मागे लागलेत की नवीन गाड्यांना असतात तसे डीआरएल, म्हणजे दिवसा चालू राहणारे पुढचे दिवे, लावून घे. इथला वायरमन म्हणतो बॅटरीला डायरेक्ट जोडतो आणि आत एक बटण देतो. लावू का? बॅटरी उतरेल का? पोलीस अडवतील का?
– एक वाचक, साखरपा

उत्तर : तो टेम्पोवाला खोटं बोलत नव्हता असंच मला वाटतं. घाटात ढग खाली उतरले की सिल्व्हर, राखाडी, पांढरी गाडी रस्त्यात मिसळूनच जाते. मला स्वतःला याच आंबा घाटात जुलै महिन्यात पुढची राखाडी गाडी दिसली ती तिचे ब्रेकचे लाल दिवे पेटले तेव्हाच, तोपर्यंत तिथे गाडी आहे हेच माहीत नव्हतं, आणि माझ्या गाडीत मागे मुलं झोपली होती. आजही त्या वळणावर आलो की पाय आपोआप ब्रेकवर जातो. म्हणून तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे आणि उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. डीआरएल हा रस्ता दिसावा म्हणून नसतो, आपण समोरच्याला दिसावं म्हणून असतो, आणि तो फक्त पुढेच असतो. बहुतेक गाड्यांत डीआरएल चालू असताना मागचे लाल दिवे बंदच असतात. म्हणजे स्वच्छ उन्हात, झाडांच्या सावलीतून गाडी बाहेर येताना, सरळ दोन पदरी रस्त्यावर कोणी ओव्हरटेकला निघालाय अशा वेळी डीआरएलचा उपयोग खरा आहे. पण तुमचं दुखणं धुकं आणि पाऊस हे आहे, तिथे पुढे झकास डीआरएल चमकतायत म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मागून येणाऱ्या ट्रकला मात्र तुमची गाडी दिसत नाही. त्यामुळे धुक्यात, पावसात, बोगद्यात हेडलाईट डिपरवर (खालच्या झोतावर) लावा, म्हणजे मागचे दिवेही आपोआप लागतात. अप्पर (वरचा झोत) नको, धुक्यात अप्परचा उजेड परत आपल्याच डोळ्यावर येतो. मोटार वाहन नियमातही सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लावाच असं आहे, आणि त्याच्या जोडीला पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही, हेसुद्धा आहे, ते दुसरं वाक्य कोणी लक्षात ठेवत नाही.

मग दिवसा डिपर लावून चालवलं तर लोक काय म्हणतील असं वाटतं ना? मला माहितीये, समोरून येणारा प्रत्येकजण हाताची बोटं उघडझाप करून सांगतो, अहो लाईट चालू राहिलाय. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवसाही हेडलाईट चालू ठेवणं सक्तीचं झालं तेव्हा बाईकवाल्यांना हे हातवारे बघून बघून कंटाळा आला होता, आता त्यांना कोणी काही म्हणत नाही. लोकांना सवय होते. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसा लाईट लावून चालवणं सक्तीचं आहे, कॅनडात डिसेंबर १९८९ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना डीआरएल आले, युरोपात ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलना ते बंधनकारक झाले. आपल्याकडे चारचाकीला अजून सक्ती नाही.

तर घाटासाठी तुमचं उत्तर एक पैसाही खर्च न करता झालं : चावी फिरवली की डिपर ऑन. एच-फोर बल्बचा डिपर ५५ वॅटचा, दोन मिळून ११० वॅट, पार्किंग आणि मागचे दिवे धरून १४० च्या आसपास, एवढा लोड अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) रोज रात्री ओढतोच की, दिवसा का नाही ओढणार. बल्ब लवकर जातील हे खरं, एक जोडी डिकीत ठेवा. आणि हेडलाईटची काच, म्हणजे प्लास्टिकच ते, जुन्या गाडीत पिवळं पडलेलं असतं, ते आधी पॉलिश करून घ्या, त्यानेच अर्धा फरक पडेल.

एवढं करूनही घाटाखालच्या उन्हातल्या रस्त्यासाठी वेगळे डीआरएल हवेच असतील तर लावा, फक्त तुमचा वायरमन म्हणतोय तसे नको. बॅटरीला डायरेक्ट आणि आत बटण, म्हणजे एक दिवस बटण बंद करायचं राहणारच. हिशोब करून बघा, ८ वॅटचे दोन दिवे म्हणजे १६ वॅट, साधारण सव्वा ते दीड अँपिअर, रात्रभर दहा तास चालू राहिले तर १३ अँपिअर-अवर गेले, आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, तीही दोन-तीन वर्षं जुनी, सकाळी फक्त टकटक करेल. आईला घेऊन दवाखान्यात निघायचं आणि गाडी चालू नाही, कशाला तो ताप.

जोडायची योग्य पद्धत ही. तुमच्या गाडीचं वायरिंग साधं आहे, नव्या गाड्यांसारखी कॉम्प्युटरची भानगड कमी, त्यामुळे काम सोपं आहे. पाच पायांचा रिले (करंट मिळाला की आपोआप बदलणारा स्विच) घ्या, त्यावर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे नंबर असतात. चावी ऑन केल्यावरच ज्यात करंट येतो अशा फ्यूजवरून, टेस्ट लॅम्प लावून खात्री करून, ३ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून एक वायर ३० ला द्या. दिव्यांची पॉझिटिव्ह वायर ८७ए ला. ८६ ला पार्किंग लाईटची वायर आणि ८५ बॉडीला अर्थ. ८७ मोकळाच राहतो, त्यावर टेप मारा. आता होतं काय की चावी फिरवली की डीआरएल लागतात, आणि पार्किंग किंवा हेडलाईट लावला की रिले खेचला जाऊन ते आपोआप विझतात, कारण रात्री समोरच्याच्या डोळ्यात ते घुसतात. बटणाची गरजच नाही, विसरायचा प्रश्नच नाही. एकच सांभाळा, करंट घेताना इंजिनच्या ईसीएमच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, फ्यूजला हात लावू द्यायचा नाही. हे वायरमनला कागदावर काढून द्या, चांगला माणूस असेल तर दहा मिनिटात समजेल, नसेल समजत तर दुसरा बघा.

वायर सोलून पिळून वर टेप मारली असं काम घेऊ नका, डाग देऊन (सोल्डर करून) स्लीव्ह चढवायला लावा, आणि वायर रेडिएटर, फॅन यांपासून लांब, प्लास्टिकच्या पाइपातून न्या. कोकणातल्या पावसात उघडा जोड एका मोसमात हिरवा होतो, शिवाय उंदीर आहेतच.

दिवे घेताना रंग पांढराच. युरोपच्या नियमाने पास झालेल्या दिव्याच्या काचेवर आर एल ही अक्षरं कोरलेली असतात, मिळाला तर तसाच घ्या, त्याचा उजेड कमीत कमी ४०० आणि जास्तीत जास्त १२०० कँडेला असा बांधलेला असतो, उन्हात दिसतो आणि डोळे दिपवत नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या पट्ट्या एकतर दुपारी दिसतच नाहीत नाहीतर नुसत्या टोचतात. बसवताना जमिनीपासून २५ सेंटीमीटरच्या वर आणि दोन्हींत निदान ६० सेंटीमीटर अंतर, म्हणजे लांबून बघणाऱ्याला ही चारचाकी आहे, दोन बाईक नाहीत, हे कळतं. इंडिकेटरच्या अगदी शेजारी लावू नका, पांढऱ्या उजेडात पिवळी उघडझाप हरवते. आणि नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नको, ब्रॅकेट आणि स्क्रू.

पोलिसांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या रचनेशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तुमच्या मॉडेलला कंपनीची किंवा डीलरची ॲक्सेसरी मिळत असेल तर तीच घ्या आणि बिल जपून ठेवा. हे सगळं नको असेल तर डिपरला कोणीच काही म्हणू शकत नाही, म्हणून माझा पहिला सल्ला तोच.

प्रश्न : २०१० ची सँट्रो आहे. पुण्यात एका दुकानात हेडलाईट उघडून आत एलईडीची पट्टी बसवून देतात, एकदम नव्या गाडीसारखं दिसतं. करावं का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : नको. हेडलाईट उघडायला तो गरम करून सील सोडवतात आणि परत चिकटवला की पहिल्यासारखा बंद होईलच असं नाही. माझ्या भावाने असंच करून घेतलं होतं, पहिल्याच पावसात आत पाणी, महिन्याभरात रिफ्लेक्टर काळवंडला आणि रात्रीचा उजेड निम्म्यावर आला. म्हणजे दिवसा दिसण्यासाठी रात्रीची नजर घालवली. दुकानदाराने हात वर केले, शेवटी दोन्ही हेडलाईट नवे घ्यावे लागले. वेगळे दिवे ग्रिलमध्ये लावा.

प्रश्न : पार्किंग लाईटच्या जागी एलईडी बल्ब टाकून तेच दिवसा चालू ठेवले तर डीआरएलचं काम होईल का? आणि निळे घेतले तर जास्त उठून दिसतील ना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : होणार नाही. पार्किंगचा मूळ बल्ब ५ वॅटचा, तो उभी गाडी अंधारात दिसावी म्हणून असतो, बार्शीच्या मे महिन्यातल्या उन्हात तो पेटलाय हे जवळ जाऊन हात आडवा धरल्याशिवाय कळत नाही. एलईडी टाकला तरी मागे रिफ्लेक्टर छोटा असतो, उजेड लांब फेकला जात नाही. तुम्हीही डिपर लावा. निळ्याचा विचार मात्र डोक्यातून काढूनच टाका, पुढे लाल-निळे दिवे ॲम्ब्युलन्स आणि पोलिसांची ओळख आहे, लोकांनी तुमच्यासाठी वाट सोडली आणि खऱ्या ॲम्ब्युलन्सला सोडली नाही असं व्हायला नको.

प्रश्न : मी टोरांटोजवळ राहतो, गाडी २०१२ ची, डीआरएल कंपनीचेच आहेत. गेल्या हिवाळ्यात बर्फ पडत असताना मागच्या माणसाने हॉर्न वाजवून सांगितलं की तुझे मागचे लाईट बंद आहेत. माझा तर डॅशबोर्ड उजळलेला होता आणि पुढे उजेडही दिसत होता, मग असं कसं?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : त्या माणसाचे आभार माना. डीआरएलचा थोडाफार उजेड पुढे पडतो, मीटरला सतत दिवा असतो, म्हणून आपले लाईट चालूच आहेत असं वाटतं आणि मागे मिट्ट काळोख. तिकडे कॅनडात हा घोटाळा इतका झाला की १ सप्टेंबर २०२१ पासून बनलेल्या गाड्यांना नियमच केला, एकतर डीआरएलबरोबर मागचे दिवे लागले पाहिजेत, नाहीतर अंधार पडला की सगळे लाईट आपोआप, नाहीतर लाईट लावेपर्यंत मीटर अंधारातच ठेवायचा म्हणजे चालवणाऱ्याला कळेल. तुमची गाडी त्याआधीची, तिला हे काहीच लागू नाही. लाईटच्या दांडीवर ऑटो असेल तर ते ठेवा, पण बर्फ दिवसाउजेडी पडत असेल तर सेन्सरला उजेड पुरेसाच वाटतो, त्यामुळे वायपर लावला की हाताने हेडलाईटही लावायचा, आणि एकदा कोणालातरी मागे उभं करून दिवे खरंच लागतायत का ते बघून घ्या.